विश्लेषण : थेरपीच्या बिलावर कर का? कॅनडाने तो हटवला, भारतात काय स्थिती?

नैराश्य, चिंताविकार, आघातानंतरचा ताण यांवर औषधांबरोबर बोलून करायचे उपचार, म्हणजेच समुपदेशन किंवा सायकोथेरपी, महत्त्वाचे मानले जातात. हे उपचार एका भेटीत संपत नाहीत. सीबीटीसारख्या पद्धतीत आठवड्याला एक याप्रमाणे साधारण १२ ते १६ सत्रे लागतात. प्रत्येक सत्राचे शुल्क बहुतेकदा रुग्णाच्या खिशातून जाते. त्यावर विक्रीकर किंवा जीएसटी लागला, तर प्रश्न केवळ बिल वाढण्याचा राहत नाही. उपचार पूर्ण करायचे की मध्येच सोडायचे, इथपर्यंत तो येतो. कॅनडाने २०२४ मध्ये हा कर हटवला. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात तो काही थेरपिस्टच्या शुल्कावर आजही लागतो. भारतात उत्तर ‘हो’ही आहे आणि ‘नाही’ही. असे का?

एका उपचारमालिकेवर कराचा भार किती?

भारतातील १८ टक्के जीएसटीचा हिशेब पाहू. समजा, एका सत्राचे शुल्क १५०० रुपये आहे. त्यावर २७० रुपये कर लागला की बिल १७७० रुपयांचे होते. १२ सत्रांत केवळ कराचे ३२४० रुपये होतात. म्हणजे दोन सत्रांच्या शुल्काहून अधिक रक्कम करापोटी जाते. १६ सत्रांत हाच आकडा ४३२० रुपयांवर, जवळपास तीन सत्रांच्या शुल्काइतका जातो.

व्यापारी किंवा कंपनी खरेदीवर भरलेला कर पुढे स्वतःच्या करातून वजा करून घेऊ शकते. रुग्ण हा साखळीतला शेवटचा माणूस असतो. त्याला कुठेही वजावट नाही. शिवाय हा कर उत्पन्न पाहून लागत नाही. महिना २५ हजार कमावणारा आणि अडीच लाख कमावणारा, दोघांनाही तेच २७० रुपये. पहिल्याला ते अधिक जड जातात हे उघड आहे.

कॅनडात नेमके काय घडले?

कॅनडात केंद्राचा ५ टक्के जीएसटी सर्वत्र आहे. काही प्रांतांत त्यात प्रांताचा वाटा मिळवून एकत्रित कर लागतो. ऑन्टारिओत तो १३ टक्के आहे, तर नोव्हा स्कोशियासारख्या अटलांटिक प्रांतांत २०२४ मध्ये तो १५ टक्के होता. तिथे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या सेवा आधीपासून करमुक्त होत्या. सायकोथेरपिस्ट आणि कौन्सेलिंग थेरपिस्ट यांच्या सेवांवर मात्र कर होता.

परिणामी विसंगती अशी, की एकाच इमारतीत मानसशास्त्रज्ञाकडे नैराश्यासाठी गेलेल्याला कर नाही आणि शेजारच्या दारात नोंदणीकृत सायकोथेरपिस्टकडे त्याच तक्रारीसाठी गेलेल्याला कर. समजा, सत्राचे शुल्क १५० डॉलर आहे. ऑन्टारिओत त्यावर साडेएकोणीस डॉलर कर लागे, म्हणजे १२ सत्रांमागे २३४ डॉलर. त्यातही मानसशास्त्रज्ञांचे शुल्क सहसा अधिक असते. म्हणजे जो तुलनेने स्वस्त पर्याय निवडत होता, त्याच्यावरच कर पडत होता.

थेरपिस्टच्या संघटनांनी हा कर हटवण्याची मागणी अनेक वर्षे लावून धरली. संसदेत खासगी विधेयके आली. विरोधी पक्षाचे खासदार आणि पेशाने डॉक्टर असलेले स्टीफन एलिस यांचे ‘सी-३२३’ हे त्यांपैकी एक. अखेर सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या आर्थिक निवेदनात करमाफीची घोषणा केली. ‘सी-५९’ विधेयकाला २० जून २०२४ रोजी मंजुरी मिळाली आणि त्या दिवसापासून या सेवा करमुक्त झाल्या.

इतकी वर्षे अडथळा कशाचा होता?

पैशांपेक्षा ओळखीचा. एखाद्या व्यवसायाला आरोग्यसेवा म्हणून करमाफी देण्यासाठी कॅनडाच्या अर्थखात्याने एक निकष ठेवला होता. तो व्यवसाय किमान पाच प्रांतांत आरोग्य व्यवसाय म्हणून कायद्याने नियंत्रित असायला हवा. सायकोथेरपीचे नियमन प्रांतागणिक वेगवेगळ्या वेळी सुरू झाले. ऑन्टारिओत त्यासाठीची नियामक संस्था एप्रिल २०१५ पासून पूर्णपणे कार्यरत झाली. क्वेबेक, नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड यांनीही आपापले नियमन आणले.

पदनामे मात्र वेगवेगळी राहिली. कुठे सायकोथेरपिस्ट, कुठे कौन्सेलिंग थेरपिस्ट. नावे वेगळी असली तरी काम एकच आहे, तेव्हा पाचाचा आकडा भरला आहे, असे संघटनांचे म्हणणे होते. शेवटी संसदेने कायद्यातच दोन्ही सेवांचा नावानिशी उल्लेख केला आणि वाद मिटवला. ज्या प्रांतांत नियमन नाही, तिथे समकक्ष पात्रता असलेल्या थेरपिस्टनाही माफी मिळाली.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात काय नियम आहेत?

ब्रिटनमध्ये व्हॅट २० टक्के आहे. आरोग्यसेवेला माफी आहे, पण ती कायद्याने ठरवलेल्या नोंदवहीत नाव असलेल्या व्यावसायिकांनाच. क्लिनिकल आणि समुपदेशन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी २००९ पासून वैधानिक आहे, त्यामुळे त्यांच्या उपचारांवर व्हॅट नाही. ‘सायकोथेरपिस्ट’ आणि ‘कौन्सेलर’ ही पदनामे तिथे कायद्याने संरक्षित नाहीत. त्यांच्या संघटना स्वतःच्या नोंदवह्या ठेवतात, पण करखात्याच्या लेखी त्या वैधानिक नाहीत. त्यामुळे उलाढाल मर्यादेपलीकडे गेली की त्यांना सहसा व्हॅट लावावा लागतो. ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेची मोफत थेरपी योजना आहे. ती नसती, तर या कराची झळ आणखी जाणवली असती.

ऑस्ट्रेलियात २००० मध्ये १० टक्के जीएसटी आला, तेव्हा करमुक्त आरोग्यसेवांची यादी कायद्यातच देण्यात आली. त्या यादीत ‘मानसशास्त्र’ आहे. ‘समुपदेशन’ आणि ‘सायकोथेरपी’ नाहीत.

तिन्ही देशांत सूत्र एकच दिसते. खोलीत काय बोलले जाते यावर कर ठरत नाही. भिंतीवर कोणते प्रमाणपत्र लावले आहे यावर तो ठरतो.

भारतात थेरपीवर जीएसटी लागतो का?

२८ जून २०१७ च्या जीएसटी अधिसूचनेने आरोग्यसेवा करमुक्त ठेवल्या आहेत. पण त्यासाठी दोन चाचण्या आहेत. पहिली, सेवा देणारा कोण? तो वैद्यकीय आस्थापना, अधिकृत वैद्यकीय व्यावसायिक किंवा पॅरामेडिक असायला हवा. दुसरी, सेवा कशासाठी? आजार, इजा, व्यंग, विकृती किंवा गर्भारपण यांचे निदान, उपचार किंवा शुश्रूषा, आणि तीही भारतात मान्यता असलेल्या वैद्यकपद्धतीनुसार.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजेच सायकिअ‍ॅट्रिस्ट हा डॉक्टर असतो. तो किंवा रुग्णालय यांनी दिलेल्या उपचारांबाबत प्रश्न उद्भवत नाही. रुग्णालयाने स्वतःच्या सेवेचा भाग म्हणून तिथल्या पगारी मानसशास्त्रज्ञाकडून थेरपी दिली, तर तीही त्या आस्थापनेची सेवा मानली जाते.

स्वतंत्र काम करणाऱ्यांपासून संदिग्धता सुरू होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे ‘आरसीआय’ करते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली आहे, त्यामुळे सवलतीसाठी त्यांची बाजू भक्कम ठरते. मानसशास्त्रात एम. ए. करून समुपदेशन करणारे मात्र भारतात मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यासाठी वैधानिक नोंदणीची सोय अनेक वर्षे नव्हती. ते ‘पॅरामेडिक’मध्ये बसतात का? अधिसूचनेत या शब्दाची व्याख्याच दिलेली नाही.

दुसरी चाचणीही सोपी नाही. निदान झालेल्या नैराश्यावरील थेरपी हा आजारावरील उपचार आहे. विवाहपूर्व समुपदेशन, करिअर मार्गदर्शन किंवा परीक्षेच्या ताणावरील कार्यशाळा आजाराच्या व्याख्येत बसवणे अवघड आहे. सवलतीत न बसणारे असे समुपदेशन सर्वसाधारण १८ टक्के दरात जाते. सप्टेंबर २०२५ च्या दरबदलानंतर सलून आणि जिम यांच्या सेवांवर ५ टक्के कर आहे. म्हणजे जिमच्या वर्गणीवर ५ टक्के, तर मन मोकळे करण्यासाठी घेतलेल्या सत्रावर १८ टक्के, अशी स्थिती उद्भवू शकते.

मग प्रत्येक समुपदेशक कर का आकारत नाही?

कारण नोंदणीची मर्यादा. महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर त्याला साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. १५०० रुपये शुल्क धरले, तर २० लाखांसाठी वर्षाला १३०० हून अधिक सत्रे घ्यावी लागतील. वर्षाचे ४८ आठवडे काम धरले, तरी आठवड्याला सुमारे २८. शुल्क १००० रुपये असेल, तर आठवड्याला जवळपास ४२. बोलण्याच्या कामात एवढी सत्रे घेणे फार कठीण. त्यामुळे एकट्याने, माफक शुल्कात काम करणारे समुपदेशक सहसा कराच्या बाहेर राहतात.

मर्यादेचा हा फरक देशागणिक मोठा आहे. कॅनडात ती केवळ ३० हजार डॉलर आहे. १५० डॉलर शुल्काने वर्षाला २०० सत्रे झाली, म्हणजे आठवड्याला चार-पाच, की ती ओलांडली जाते. तिथे कर जवळपास प्रत्येक पूर्णवेळ थेरपिस्टवर होता, म्हणून आंदोलनही मोठे झाले. ऑस्ट्रेलियात मर्यादा ७५ हजार डॉलर, तर ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून ९० हजार पौंड आहे. ब्रिटनमध्ये त्यामुळे एकेकट्या समुपदेशकापेक्षा केंद्रांवर आणि कंपन्यांवर कर अधिक येतो.

भारतातही तसेच आहे. चार-पाच समुपदेशक एकत्र येऊन केंद्र चालवतात तेव्हा उलाढाल एकत्र मोजली जाते आणि मर्यादा सहज ओलांडली जाते. अ‍ॅपवरून थेरपी देणाऱ्या कंपन्यांचेही तेच. मोठ्या शहरातल्या माणसाला मर्यादेखालचा समुपदेशक जवळपास मिळू शकतो. ज्या तालुक्यात एकही थेरपिस्ट नाही, तिथल्या माणसाला व्हिडिओ कॉलवरील सत्राचाच आधार असतो. कंपनी स्वतःच्या नावाने शुल्क घेऊन त्यावर कर लावत असेल, तर पर्याय कमी असलेल्यालाच तो भरावा लागतो.

आणखी एक बारकावा आहे. २० लाखांची उलाढाल मोजताना करमुक्त सेवांचे उत्पन्नही धरले जाते. समजा, एखाद्या मानसशास्त्रज्ञाला करमुक्त थेरपीतून १७ लाख आणि कंपन्यांतील कार्यशाळांतून ४ लाख मिळाले. एकूण २१ लाख झाल्याने त्याला नोंदणी करावी लागते. कर मात्र कार्यशाळांवरच लागतो.

कर हटला तर शुल्क तेवढेच कमी होईल का?

नेहमी नाही. सेवा करपात्र असते तेव्हा केंद्राला जागेचे भाडे, सॉफ्टवेअर यांवर भरलेला जीएसटी वजा करून घेता येतो. सेवा करमुक्त झाली की ही वजावट थांबते.

समजा, एक केंद्र महिन्याला १५०० रुपयांची २०० सत्रे घेते. तीन लाखांच्या शुल्कावर ते ५४ हजार रुपये कर गोळा करते. जागेचे भाडे ५० हजार आणि त्यावर ९ हजार जीएसटी असेल, तर ते ९ हजार वजा होतात. सेवा करमुक्त झाल्यावर हे ९ हजार केंद्राच्या खर्चात येतील, म्हणजे प्रत्येक सत्रामागे ४५ रुपये. केंद्राने ते शुल्कात मिळवले, तर बिल १७७० वरून १५०० वर नव्हे, १५४५ वर येईल. रुग्णाचे २७० ऐवजी २२५ रुपये वाचतील. तरीही १२ सत्रांमागे ही बचत २७०० रुपयांची आहे. पूर्ण नसला तरी दिलासा खरा आहे, पण केंद्राने तो रुग्णापर्यंत पोहोचवला तरच. काही केंद्रे ‘करासह १७७०’ ऐवजी केवळ ‘१७७०’ असे दरपत्रक लावून फरक स्वतःकडे ठेवू शकतात.

विम्याने हा प्रश्न सुटतो का?

मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांवरील उपचारांसाठीही विमा कंपन्यांनी संरक्षण द्यायला हवे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटीही शून्य झाला. पण भारतातील बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतात. थेरपी ही आठवड्याला तासभर येऊन घरी जाण्याची गोष्ट. बाह्यरुग्ण खर्चाचे कलम पॉलिसीत नसेल, तर तिचा खर्च मिळत नाही. म्हणजे हप्त्यावरचा कर गेला, तरी थेरपीच्या बिलावरचा आपल्याच खिशातून द्यावा लागतो.

कॅनडात नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात थेरपीसाठी अनेकदा वार्षिक मर्यादा असते. ती ५०० डॉलर धरली, तर १५० डॉलरची तीन सत्रे तीत बसतात. १३ टक्के कर धरला की तीन सत्रांचे ५०८ डॉलर होतात आणि तिसरे सत्र पूर्ण बसत नाही. विमा आहे तिथेही कर सत्रांची संख्या कमी करतो, तो असा.

करमाफीला विरोध का होतो?

पहिला आक्षेप सीमारेषेचा. थेरपी करमुक्त केली, तर ‘लाइफ कोच’, ‘हीलर’, प्रेरक वक्ते हेही स्वतःला थेरपिस्ट म्हणवतील. पात्रता तपासण्याची व्यवस्था नसेल, तर माफीचा लाभ कोणीही घेईल आणि रुग्णाचीही फसगत होईल. कॅनडाने माफी देताना पात्रतेची अट ठेवली, ती यासाठीच.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. ज्याला १५०० रुपये परवडत नाहीत, त्याला १७७० चे १५०० झाल्याने फरक पडत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये आढळले होते, की वेगवेगळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत. यातील मोठा वर्ग खासगी थेरपीच्या दारापर्यंतही येत नाही. त्यांच्यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम किंवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा अधिक उपयोगाची आहे.

हा आक्षेप रास्त आहे, पण अपुराही. हेल्पलाइन पहिला आधार देते. १२ आठवडे एकाच तज्ज्ञाबरोबर चालणाऱ्या उपचारांची जागा ती घेऊ शकत नाही. अगदी गरीब आणि सधन यांच्यामध्ये एक वर्ग आहे. नवा नोकरदार, विद्यार्थी, एका पगारावर चालणारे कुटुंब. हा वर्ग चार सत्रे घेतो आणि पाचव्याला खर्चाचा विचार करतो. १८ टक्क्यांचा फरक त्याच्यासाठी निर्णायक ठरू शकतो.

भारतात पुढचा मार्ग कोणता?

मार्ग जीएसटी परिषदेआधी नोंदवहीतून जातो. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात वर्तन आरोग्यशास्त्रातील व्यावसायिकांचा समावेश आहे. त्यात आरसीआयकडील क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळता इतर मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि मानसोपचार क्षेत्रातील समाजकार्यकर्ते येतात. ही नोंदणी सर्व राज्यांत प्रत्यक्षात आली, तर कोण पात्र आणि कोण नाही हे प्रथमच कायद्याने ठरेल. ब्रिटनमधल्या समुपदेशकांकडे नेमकी हीच गोष्ट नाही.

मात्र नोंदणीने करमाफी आपोआप मिळणार नाही. २०१७ च्या अधिसूचनेत ‘पॅरामेडिक’ची व्याख्या करून किंवा नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांचा स्पष्ट उल्लेख करून ती द्यावी लागेल. कॅनडाचा धडा हाच आहे. नियमन आल्यावरही ऑन्टारिओतील रुग्ण नऊ वर्षे कर भरत राहिले, कारण करकायद्यातले शब्द बदलले नव्हते.

तोवर रुग्णाने काय पाहावे?

पहिल्या सत्राआधीच शुल्क करासह आहे की कराशिवाय, हे विचारावे. बिलावर जीएसटी लावला असेल, तर जीएसटी क्रमांक असायलाच हवा; नोंदणी नसलेल्याला हा कर गोळा करता येत नाही. आजारासाठी उपचार सुरू असतील आणि तज्ज्ञ आरसीआय नोंदणीकृत असेल किंवा थेरपी रुग्णालयातून मिळत असेल, तर कर कोणत्या आधारावर लावला, हे विचारायला हरकत नाही. आरसीआयची नोंदणी परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाचे कलम आहे का, हेही उपचार सुरू करण्यापूर्वी पाहावे. एकूण किती सत्रे लागतील, याचा अंदाज घेऊन करासह पूर्ण खर्च आधीच मांडला, तर उपचार अर्ध्यावर सोडण्याची वेळ येण्याची शक्यता कमी होते.